अट नसलेलं कार्ड

जुनं, पिवळं पडलेलं, भोकाभोकांचं एक कार्ड म्हणजे मी. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटं, एक कोपरा तिरका कापलेला. मित्रांनो, आज मी कुणाच्या हाती पडलो, तर तो मला उलटंपालटं करून बघतो आणि विचारतो, याला एवढं कशानं कुरतडलं? मला कुणी कुरतडलेलं नाही. माझं एकेक भोक एका माणसानं विचार करून पाडलेलं आहे. त्या माणसाचं नाव साहेबराव. तो शिरूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा.

माझी गोष्ट कळायची तर आधी त्या काळचा कॉम्प्युटर कसा होता ते ऐका. त्याला अख्खी एक खोली लागायची. त्याला उकाडा सोसायचा नाही, म्हणून त्याच्या खोलीत उन्हाळ्यातही गारवा असायचा आणि माणसं बाहेर घाम पुसत उभी राहायची. त्याला काही सांगायचं तर एकेक हुकूम एकेका कार्डावर भोकं पाडून लिहावा लागे. अशी शेकडो कार्डं एकावर एक रचून त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा. यंत्र तो गठ्ठा वाचायचं आणि उत्तर लांबरुंद कागदावर छापून यायचं. तेही लगेच नाही. या शनिवारी गठ्ठा दिला की पुढच्या शनिवारी उत्तर.

बहुतेक गठ्ठे आकडेमोडीचे असत. साहेबरावाचा गठ्ठा वेगळा होता. तो आकडे न घालता अक्षरांचंच गणित करायचा. तुम्ही बीजगणिताच्या तासाला कंस सोडवता, सारखी पदं एकत्र करता, अवयव पाडता, तेच तो करायचा. पण माणसाला जिथं वहीची पानंच्या पानं लागतील आणि शेवटी एक चिन्ह चुकून सगळं वाया जाईल, तिथं तो न कंटाळता कंसामागून कंस सोडवत जायचा. साहेबरावानं त्याचं नाव ठेवलं होतं ‘विस्तार’.

त्या गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड मी. माझ्या पहिल्याच रकान्यात एक खूण होती. तिचा अर्थ यंत्रानं असा घ्यायचा, की हे कार्ड माणसांसाठी आहे, हे नुसतं छाप आणि पुढं जा. म्हणजे मी कुठलाही कंस कधी सोडवला नाही. माझ्यावर एवढंच लिहिलेलं होतं : विस्तार. ज्याला हवा त्यानं न्यावा. कसलीही अट नाही.

यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती, म्हणून ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली होती. यंत्र पुण्यात होतं, पण ते शब्द पुण्यातले नव्हते. ते घोड नदीच्या काठावरून आले होते.

साहेबराव इनामगावच्या पलीकडच्या एका वाडीतला. तिथल्या बौद्ध वस्तीत त्याचं घर, आणि घरात त्याची आई ताईबाई. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात वाडीचा मोठा आड आटला. बौद्ध वस्तीनं स्वतः खणलेला लहान आड मात्र तळाशी पाणी धरून होता. ज्यांच्या आडावर या लोकांच्या बापजाद्यांना कधी पाय ठेवता आला नव्हता, तीच माणसं एका सकाळी घागरी घेऊन वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पुढं यायला त्यांना धीर होईना.

त्यातला एक म्हातारा शेवटी म्हणाला, “ताईबाई, घिऊ का पानी?”

“इचारता कशापायी, आबा?” ताईबाई म्हणाली. “आडाला काय तोंड हाय व्हय न्हाई म्हणायला? सोडा घागर.”

साहेबराव तेव्हा सुट्टीला घरी आला होता. त्याचं रक्त तापलं. त्यानं आईला बाजूला घेऊन म्हटलं, “नुसतं नको देऊ. अट घाल. पाऊस पडल्यावर त्यांनी त्यांचा आड आपल्याला मोकळा करायचा.”

ताईबाईनं दोर ओढता ओढताच उत्तर दिलं. “अटी घालून पानी पाजणारी मानसं म्या लई बघितली. आपुन तसलं व्हायचं न्हाई.”

पाऊस पडला. माणसं आपल्या आडाकडं परत गेली. त्यांचा आड पूर्वी जसा होता तसाच राहिला. पण साहेबरावाच्या मनात आईचं बोलणं खिळ्यासारखं बसलं. पुढं पुण्याच्या एका संस्थेत, भोकं पाडायच्या यंत्रापुढं बसून त्यानं मला घडवलं, तेव्हा त्याची बोटं कुठंही अडखळली नाहीत. एका दमात त्यानं मला लिहून काढलं.

त्याच्या शेजारी त्याचा मित्र म्हस्कू उभा होता. म्हस्कू दौंडचा. त्याच्या आजोबांपर्यंत घराणं मेंढरांमागं फिरलं, बापानं भीमेकाठी थोडी जमीन धरली आणि म्हस्कू शिकला. दोघं पुण्यात एका वसतिगृहात राहून एकाच वर्षी एम.एस्सी. झाले. म्हस्कूला दौंडच्या एका हायस्कुलात नोकरी लागली. त्या संस्थेनं बाहेरगावच्या शिक्षकांसाठी शनिवारी दुपारी कॉम्प्युटरचा थोडा वेळ ठेवला होता. त्या दिवशी साहेबराव शिरूरहून एसटीनं यायचा, म्हस्कू दौंडहून रेल्वेनं.

म्हस्कूनं मला हातात घेतलं, वाचलं आणि मान हलवली.

“साहेबराव, एक ओळ कमी पडली हितं.”

“कुठली?”

“जो नेईल त्यानं पुढच्यालाबी द्यायचा, आसं लिही. न्हाईतर कुनीतरी उचलंल आन् कुलपात घालंल.”

“कुलपात घालून काय करंल? लोनचं?”

“हसू नगंस. लोकांस्नी मी तुझ्यापेक्षा जास्त वळखतो. मेंढरं राखल्यात आमी.”

“मेंढरं राखली तुझ्या आज्यानं. तू पिरेड राखतोस.” साहेबराव हसला, मग गंभीर झाला. “म्हस्कू, अटी आपण जन्मभर बघितल्या. आपल्या हातनं एक तरी वस्तू बिनअटीची जाऊ दे.”

पंचिंगच्या खोलीत काम करणारी सिंधूबाई मागून म्हणाली, “तुमची चर्चा संपली असेल तर यंत्र मोकळं करा. माझी अजून दोन ट्रे कार्डं राहिलीत.” आणि मी, ओली शाई नसतानाही ओल्या शाईसारखा नवा कोरा, गठ्ठ्याच्या माथ्यावर जाऊन बसलो.

मित्रांनो, त्यानंतरची काही वर्षं माझी सोन्याची होती. विस्तार ज्याला हवा त्याला मिळायचा. एक यंत्र होतं, ते एका गठ्ठ्यावरून दुसरा गठ्ठा जसाच्या तसा तयार करायचं. साहेबराव कोऱ्या कार्डांचं पुडकं आणायचा आणि सिंधूबाई कामं संपली की नक्कल काढून द्यायची. नगरचा एक प्राध्यापक घेऊन गेला, एका साखर कारखान्यातला इंजिनिअर घेऊन गेला, सोलापूरकडून कुणी आला तोही घेऊन गेला. प्रत्येक नकलेच्या माथ्यावर माझीही नक्कल असायची. मूळ मात्र मी.

आणि चुका सापडायच्या. पहिली मोठी चूक म्हस्कूलाच सापडली. एका शनिवारी तो छापील कागद फडकवत आला.

“साहेबराव, तुझं यंत्र आमच्या आठवी ‘ब’मधलं दिसतंय!”

“का रं?”

“कंसाच्या आधी वजा आला, की पहिल्या पदाचं चिन्ह बदलतंय आन् मागली पदं तशीच सोडतंय. आमचा बन्सी अगदी हेच करतो. दरसाल छड्या खातो.”

“मग मार छडी.”

“कुनाला? यंत्राला का तुला?”

दोघांनी मिळून ती चूक काढली. मग साहेबरावानं एक नवीन कार्ड घेतलं, त्यावर म्हस्कूचं नाव, दौंड हे गाव आणि काय दुरुस्त केलं ते लिहिलं आणि ते माझ्या मागं लावलं. तिथून तो रिवाजच पडला. जो चूक काढेल त्याच्या नावाचं कार्ड माझ्या मागं लागायचं. सिंधूबाईचंही लागलं, कारण एकदा तिनं दोन सारखी कार्डं एकामागोमाग पंच झालेली पकडली होती. ती म्हणाली, “माझं नाव कशाला? लोक हसतील.” साहेबराव म्हणाला, “हसतील ते हसू देत. यंत्र छापतंय, ते हसत नाही.”

खरंच, यंत्र आमचं काही मानायचं नाही, पण छापायचं. कागदाच्या माथ्यावर आधी माझी ओळ यायची, तिच्याखाली सगळ्यांची नावं, आणि मग खाली हुकुमांची रांग. शिरूरला साहेबराव तो कागद फळ्यावर टाचणीनं लावायचा आणि मुलांना आधी नावं वाचायला लावायचा. नावं वाचून झाल्याशिवाय गणित सुरू व्हायचं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. मीही काहीतरी करतो, असं मला त्या दिवसांत वाटत होतं.

संस्थेचे प्रमुख होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. इतकी वर्षं शनिवारच्या मंडळींकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण एकदा परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी टेबलावर पडलेला विस्ताराचा कागद उचलला, बराच वेळ वाचला आणि विचारलं, की हे इथं कुणी केलं? असलं काम करायला आमच्याकडं मोठमोठे गट लागतात. मोठे सर हसले आणि त्यांनी विषय चहाकडं वळवला. पाहुणे गेल्यावर मात्र त्यांनी म्हस्कूला आत बोलावलं. साहेबरावाला नाही.

का नाही, ते सर कधी बोलले नाहीत. विस्तार आतून-बाहेरून माहीत असलेली माणसं दोनच होती. त्यातला एक वाकेल असं त्यांना वाटलं असावं आणि दुसरा वाकणार नाही असं. माणूस ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही, एवढं मी म्हणतो.

म्हस्कूला पुण्यात नोकरी मिळाली. प्रोग्रामर असं पद, संस्थेच्या आवारात राहायला दोन खोल्या. आठवी ‘ब’ सुटली, रेल्वेचे हेलपाटे सुटले. त्याची बायको गिताबाई शेतात राबून दुखणाईत झाली होती, तिला दवाखाना जवळ झाला. मी त्याला दोष देतो, पण हेही सांगितलं पाहिजे.

पहिलं काम त्याला दिलं ते विस्ताराचं. मूळ गठ्ठा नेहमी संस्थेच्या कपाटातच असायचा, कारण शिरूरच्या एसटीत त्याला धूळ लागायची. साहेबरावाकडं गावी एक नक्कल होती. म्हस्कूनं कपाटातून माझ्यासकट तो गठ्ठा काढून सरांच्या टेबलावर ठेवला.

“ही वरची कार्डं काय काम करतात?” सरांनी विचारलं.

“काम काही करत नाहीत, सर. नावं हायत. यंत्र ती नुसती छापतं.”

“मग काढून टाका. काम न करणारी कार्डं ठेवायची कशाला? उगाच वाचायला वेळ जातो.”

म्हस्कूचा हात माझ्यावर आला. त्यानं मला उचललं, मग माझ्या मागची नावं एकेक करून उचलली. त्यात त्याचं स्वतःचंही कार्ड होतं. नावांची कार्डं त्यानं टेबलाखालच्या टोपलीत टाकली. मला टाकताना तो थांबला. सर कागदात बघत होते. त्यानं मला सदऱ्याच्या वरच्या खिशात सरकवलं.

मग गठ्ठा यंत्रात गेला आणि उत्तर आलं. मी खिशातून ऐकत होतो. छापायच्या यंत्राचा तोच खडखडाट, आणि तेच उत्तर. एका चिन्हाचाही फरक नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट क्षण तो. आम्ही नसलो म्हणून काही अडलं असतं, एखादा कंस सुटला नसता, तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या शनिवारी साहेबराव आला. खिडकीतून मिळालेल्या कागदाच्या माथ्यावर संस्थेचं नाव होतं आणि खाली थेट हुकूम. त्यानं कागद मागंपुढं करून पाहिला. मग तो सरळ मोठ्या सरांच्या खोलीत गेला. म्हस्कू तिथंच उभा होता. मी त्याच्या खिशात होतो.

“सर, वरची कार्डं कुठं गेली?”

“या, बसा. ती होय? त्यांचा यंत्राला उपयोग नव्हता. आपण सगळं नीटनेटकं करून घेतलंय. आता विस्तार संस्थेचा झाला.”

“संस्थेचा कसा झाला, सर?”

“कसा म्हणजे? तुमच्याच कार्डावर होतं ना, ज्याला हवा त्यानं न्यावा? आम्हाला हवा होता. आम्ही नेला.”

“नेला त्याचं काही नाही. खिडकीवर मला सांगितलं, की आता गठ्ठ्याची नक्कल कुणाला मिळणार नाही. ते का?”

“संस्थेची वस्तू बाहेर जात नाही. तुम्हाला उत्तरं हवीत ना? तुमची गणितं खिडकीत द्या, उत्तरं मिळतील. अडवलंय कुणी?”

“पण आम्ही हा सगळ्यांसाठी केला, सर. बंद करायसाठी नाही.”

सर खुर्चीत मागं रेलले. त्यांचा आवाज चढला नाही. “बंद करू नये, असं कुठं लिहिलं होतं तुम्ही? कसलीही अट नाही, असं लिहिलं होतं. माझ्या चांगलं लक्षात आहे.”

माझेच शब्द होते ते, मित्रांनो. ताईबाईच्या आडावरचे.

साहेबराव म्हस्कूकडं वळला. “म्हस्कू, तू सांग. हा कुणी केला?”

म्हस्कूनं जमिनीकडं बघितलं. “तसा… सगळ्यांनीच मिळून केला.”

“ऐकलंत?” सर म्हणाले. “सगळ्यांचा म्हणजे कुणा एकाचा नाही. मग संस्थेचा असला तर बिघडलं कुठं?”

विस्तार कुणी केला, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. सिंधूबाईला ठाऊक होतं, खिडकीवरच्या माणसाला ठाऊक होतं, मोठ्या सरांनाही ठाऊक होतं. कुणी काही लपवत नव्हतं. नुसतं कुणी बोलत नव्हतं. साहेबरावानं आपली गावाकडची नक्कल पुढच्या आठवड्यात आणली, तर खिडकीवरून ती परत आली. संस्थेकडं तेच काम करणारी वस्तू असताना दुसरीवर यंत्राचा वेळ घालवता येणार नाही, असं सांगण्यात आलं. यंत्राशिवाय तो गठ्ठा म्हणजे नुसता पुठ्ठा, नगर-सोलापूरकडच्या नकलांचंही तेच. त्यानंतर साहेबराव शनिवारी पुण्याला यायचा बंद झाला. शिरूरला त्यानं फळ्यावरचा कागद काढून टाकला आणि पुन्हा खडूनं गणित शिकवायला लागला.

मी म्हस्कूच्या खिशातून त्याच्या पेटीत गेलो. कपड्यांच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. अधूनमधून तो पेटी उघडायचा, मला बघायचा आणि पुन्हा झाकण लावायचा. एकदा गिताबाईनं विचारलं, “ह्ये काय हाय, सारखं काढून बघताय त्ये?” तो म्हणाला, “काय न्हाई. कामाचं न्हाई.”

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एक नवी चूक निघाली. अवयव पाडताना विस्तार एका विशिष्ट तऱ्हेच्या पदावलीत एक अवयव गाळायचा. पूर्वी असती तर नगरहून नाहीतर शिरूरहून पुढच्या शनिवारी कुणीतरी दुरुस्ती घेऊन आलं असतं आणि माझ्या मागं एक नाव वाढलं असतं. आता गठ्ठा उघडायची कुणालाच मुभा नव्हती. संस्थेनं कॉलेजांसाठी उत्तरांचं एक पुस्तक छापलं, त्यात ते चुकीचं उत्तर जसंच्या तसं गेलं. ज्या मुलांनी हातानं बरोबर अवयव पाडले, त्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईच्या फुल्या पडल्या. शिरूरच्या पोरांच्याही पडल्या.

म्हस्कू सरांकडं गेला. “सर, चूक माझ्या ध्यानात आलीय. दोन कार्डं बदलली की झालं.”

“पुस्तक छापून गेलंय,” सर म्हणाले. “आता चूक आहे म्हणून कबूल करायची का? राहू दे.”

म्हस्कूनं त्या दिवशी पेटी उघडली आणि झाकण परत लावलं नाही.

रविवारी मला खिशात घालून तो घोडकाठच्या वाडीवर आला. साहेबराव अंगणात बसला होता. ताईबाई चुलीपाशी होती. तिनं म्हस्कूला बघितलं आणि उभीच राहिली.

“या मास्तर. पुण्याचं सायब आलं आमच्या दारात! च्या घेणार का, का आता आमच्या हातचा चालत न्हाई?”

“चालतो, मावशी. कवा चालला न्हाई?”

“तसं न्हाई, मानूस पुण्याला गेला की त्याचा घसा बदलतो म्हंत्यात.” तिनं आधण ठेवलं. “मी हितं इनामगावच्या पांढरीवर उकरायच्या कामाला जाती. तीन हजार वर्साखालची खापरं निघत्यात. त्यावर कुनाचं नाव न्हाई, तरी ती सायब मंडळी ब्रशानं माती झाडत्यात आन् म्हंत्यात, कोन आसंल बरं ह्यो घडवनारा? आन् तुमच्याकडं घडवनारी मानसं जित्ती हायत, दारात उभी ऱ्हात्यात, तर त्यांची नावं उपसून टाकता!”

म्हस्कूनं मला खिशातून काढलं आणि साहेबरावापुढं धरलं. साहेबरावानं मला ओळखलं. पण हात पुढं केला नाही.

“हे आणायला आलास?”

“न्हाई. सिंधूबाईनं निरोप दिलाय. तिनं संस्था सोडली. पिंपरीकडं एका कंपनीत लागली. तिथलं यंत्र रविवारी मोकळं असतं, आन् तिथला सायब बरा हाय. तुझी नक्कल चालवू देतो म्हणाला. चूक कुठं हाय ते मला ठावं हाय. दोघं बसलो तर एका दिवसात निघंल.” तो थांबला. “आन् पयलं कार्ड नवीन कर. मी तवा सांगितलेली ओळ घाल.”

“तू सांगितलेली,” साहेबराव हळूच म्हणाला. “सांगणारा तूच, आन् ती ओळ नव्हती म्हणून उचलणाराबी तूच.”

“व्हय.”

“तुझी नोकरी?”

“जाईल. कळलं तर जाईल.”

मग म्हस्कू म्हणाला, “माझ्या नावाचं कार्ड घालू नगंस. मी लायक न्हाई.”

तेव्हा कुठं साहेबराव चिडला. “ते राहील. वजाच्या कंसाची चूक तू काढलीस, ती तूच काढलीस. कार्डं उपसून टाकायची रीत तुमच्या संस्थेची. माझी न्हाई.”

त्यानं मला हातात घेतलं. मांडीवर ठेवलं. एका कागदावर पेन्सिलीनं नवी ओळ लिहायला घेतली. मला एका दमात लिहिणारा तो माणूस त्या दुपारी एकेका शब्दापाशी अडत होता. लिहायचा, खोडायचा. शेवटी कागदावर असं राहिलं : ज्याला हवा त्यानं न्यावा. नेणाऱ्यानं पुढच्याला अडवू नये. नावं काढू नयेत. हे सगळे नियम पाळणाऱ्यालाच विस्तार आहे.

“चांगली अट हाय,” म्हस्कू म्हणाला.

“अट ती अटच.” साहेबरावानं पेन्सिल खाली ठेवली आणि चुलीकडं बघून म्हणाला, “आई, तू नको म्हणाली व्हतीस. मला आज लिहावी लागली.”

ताईबाईनं जळण आत सारलं. मग म्हणाली, “लिही बाबा. लिहायचं तर लिही. पर मला वाचून दावू नगंस.”

पुढच्या रविवारी पिंपरीला नवं कार्ड पंच झालं आणि माझ्या जागी बसलं. त्याच्या मागं सगळ्यांची नावं लावली; गावच्या नकलेत आली नव्हती ती आठवून आठवून पुन्हा पंच केली. चूक निघाली. विस्तार पुन्हा गावोगाव जाऊ लागला. म्हस्कूची नोकरी गेली आणि तो दौंडला परत आला. आता हायस्कुलात जागा नव्हती, म्हणून त्यानं शिकवण्या धरल्या. मला साहेबरावानं फाडलं नाही, पण ठेवायचं कुठं हे त्याला सुचलं नाही. ताईबाईनं मला मधोमध दुमडलं. अजून मी तिच्या डब्यातून चहाची पूड काढायच्या कामाला येतो. शेवटी मला एक काम मिळालं.

मित्रांनो, तुम्हाला आयुष्यात कितीतरी वस्तू बिनअटीच्या मिळतील. कुणीतरी शिकवलेलं गणित, कुणीतरी खणलेलं पाणी, कुणीतरी लावलेली सावली. जरूर घ्या. पण ज्याचं नाव त्यावर असेल ते खरवडू नका, ते नाव तुमच्या कामाचं नसलं तरी. आणि घेऊन झाल्यावर मागच्याच्या तोंडावर दार लावू नका. दार लावणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. मोठे सर पुढं आणखी मोठे झाले, त्यांच्या नावाची पाटी बदलून मोठी केली. बिघडतं ते देणाऱ्याचं. साहेबराव आजही विस्तार देतो, ज्याला हवा त्याला देतो. पण देण्याआधी तो आता माणसाच्या तोंडाकडं निरखून बघतो. पूर्वी तो नुसता हात पुढं करायचा.